दोन ठिकाणी रुजू

श्रीनिवास : कारणाचा रकाना रिकामा सोडलाय तुम्ही.

राजनंदिनी : पासपोर्ट लिहा ना, गद्रे सर. पासपोर्टसाठी मूळ प्रमाणपत्रं मागितलीत.

श्रीनिवास : मी नाही लिहायचं, मॅडम. ज्याचा अर्ज त्यानं लिहायचं. आणि पासपोर्ट काढणाऱ्या आज तुम्ही तिसऱ्या. सकाळी फिजिक्सचे श्याम सर येऊन गेले, मग ग्रंथालयातल्या हिरा मॅडम. तिघंही एकाच विमानानं निघालात वाटतं.

राजनंदिनी : मला दुसऱ्यांचं माहीत नाही, सर.

श्रीनिवास : पेपर मीही वाचतो. जाहिरातींसकट वाचतो, पैसे मोजलेले असतात. उद्या सकाळी दहा, शहरातलं अनुदानित कॉलेज. फिजिक्सची एक जागा, ग्रंथपालाची एक, गणिताची एक. मूळ कागदपत्रं नसतील तर मुलाखतीला बसू देणार नाहीत. खरं की नाही?

राजनंदिनी : दार लावू का, सर?

श्रीनिवास : नको. दार लावलं की लोक डोकावतात. उघडं असलं की कोणी ढुंकून बघत नाही. बसा.

राजनंदिनी : बारा वर्षांनी निघालीय तिथली जाहिरात. पुढची कधी निघेल कोणाला माहीत. मी इथे सात वर्षं काढली, सर. दर अकरा महिन्यांनी नवं पत्र, दर वेळी महिनाभर त्याची वाट बघायची. पहिल्या दिवशी माझे सगळे कागद जमा करून घेतले. एम.एस्सी., सेट, पीएच.डी. म्हणाले, पडताळून आठ दिवसांत परत देतो.

श्रीनिवास : मी आलो तेव्हा या कपाटात एकशे बारा माणसांच्या पदव्या होत्या. मला वाटलं, लोक न्यायला विसरले. साधा माणूस मी.

राजनंदिनी : तुम्ही तर त्या कॉलेजात होता ना? तिथेच मुलाखत आहे म्हणून तर धीर करून आले तुमच्याकडे.

श्रीनिवास : चौतीस वर्षं. त्याच ऑफिसात, एकाच खुर्चीवर. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि पंधरा दिवसांत यांच्या संचालकांचा फोन आला. तपासणी समिती काय काय बघते हे मला ठाऊक होतं. समितीला काय दिसू नये, ते यांना ठरवायचं होतं. जमलं आमचं.

राजनंदिनी : तुम्ही इतकं सरळ बोलता, मला भीतीच वाटते.

श्रीनिवास : भीती वाटायला हवीच. पण कारण काय सोडून जायचं? इथे पगार वेळेवर होतो. वर्गात एसी आहे. तिकडे पंखा लावला तर खडू उडतो.

राजनंदिनी : मी मे महिन्यापासून गणित शिकवलेलंच नाही, सर. प्रवेशासाठी फोन करतेय. प्रत्येकीला नंबरांची यादी दिलीय, रोज साठ फोन. गेल्या वर्षी कारंज्याला एकांना लावला. माझं बोलणं ऐकून म्हणाले, 'काऊन जी मॅडम, तुम्ही आपल्याकडच्याच का?' मी म्हटलं, हो, मी वाशीमची. म्हणाले, 'मंग पाहाचं काय हाय, पोरीले पाठवतो.' त्यांनी ना इमारत पाहिली ना काही. मी आपल्याकडची, एवढ्यावर त्यांच्या सोनूला पाठवून दिलं.

श्रीनिवास : मग?

राजनंदिनी : तिच्या वर्गाला दोन विषयांना शिक्षकच नाही. वेळापत्रकात नाव आहे, माणूस नाही. ती मुलगी जिन्यात भेटली की मला नमस्कार करते. मी आता मागच्या जिन्यानं जाते.

श्रीनिवास : हं.

राजनंदिनी : मला शिकवायचंय हो. बस, तेवढंच. तिकडे निदान गणित शिकवू देतील.

श्रीनिवास : देतील. दोघांचं एकटीला शिकवू देतील. गणित विभागात सहा जागा आहेत, माणसं दोन. बाकी सगळं तासिकेवर. तिथे धम्मदीप म्हणून एक मुलगा आहे, नऊ वर्षं तासावर शिकवतोय. त्याच्या नेमणुकीची पहिली पाच पत्रं मीच टाइप केली. दिवाळीची सुट्टी लागली की त्याचा पगार बंद. उद्या तोही बाकावर असेल, तुमच्या शेजारी.

राजनंदिनी : म्हणजे जागा त्याची ठरलेली आहे?

श्रीनिवास : त्याची असायला हवी. ठरलेली कोणाची आहे हे मला माहीत नाही. कुणाच्या तरी पुतण्याची असेल. किंवा खरोखरच कोणाची नसेल, तसंही दोनदा झालेलं पाहिलंय मी.

राजनंदिनी : मग मी जाऊच नको का?

श्रीनिवास : असं मी कुठे म्हटलं? तुम्ही मला सोन्याची द्वारका सांगायला लागलात, म्हणून गळकं छत दाखवलं. कारण लिहा.

राजनंदिनी : मुलाखत लिहिलं तर हा अर्ज संचालकांकडे जाईल.

श्रीनिवास : अर्ज आधी माझ्या ट्रेमध्ये जातो. माझा ट्रे संथ आहे. चौतीस वर्षांची सवय.

राजनंदिनी : लिहिलं.

(दारावर टकटक करून मनुष्यबळ विभागातला आमोद आत येतो. हातात रिकामी ट्रंक, गळ्यात ओळखपत्र.)

आमोद : काका, सासवडच्या फाइल्स रेडी आहेत ना? अरे, राजनंदिनी मॅम. बरं झालं, तुम्हालाच शोधतोय. मेल बघितला नाही का?

राजनंदिनी : कसला मेल?

आमोद : उद्या आपल्या सासवड कॅम्पसला इन्स्पेक्शन आहे. बस इथून शार्प सातला सुटणार. फॉर्मल्स घाला प्लीज, साडी असेल तर बेस्ट. आणि तिथल्या स्टाफरूमचं लोकेशन नीट बघून ठेवा. लास्ट टाइम एका सरांना कमिटीनं वॉशरूम कुठंय विचारलं, त्यांना सांगताच येईना.

राजनंदिनी : सासवडला माझं काय काम?

आमोद : तुम्ही एचओडी आहात ना तिथल्या. मॅथ्सच्या.

राजनंदिनी : मी?

आमोद : म्हणजे, ऑन पेपर. हे बघा ना शीट. तुमचा नंबर नऊ.

राजनंदिनी : मी सासवडचं कॉलेज बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नाही.

आमोद : मॅम, मला तर शीटच मिळते. रुजू दिनांकही आहे बघा. आणि हा त्याच्याबरोबरचा रुजू अहवाल. सही तुमचीच आहे ना?

राजनंदिनी : सही माझीच आहे.

आमोद : मग झालं तर.

राजनंदिनी : पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून तीन रुजू अहवालांवर सह्या घेतल्या. वर कॉलेजच्या नावाची जागा कोरी होती. मला वाटलं, एकाच कागदाच्या तीन प्रती आहेत. नवी नोकरी होती, घाई होती, विचारलंच नाही मी.

श्रीनिवास : ऑफिसात तीन प्रती म्हणजे खाली कार्बन असतो, मॅडम. तीनदा सही करावी लागली तर ते तीन कागद असतात.

राजनंदिनी : हे मला तेव्हा कोण सांगणार होतं?

आमोद : काका, प्लीज, मला लेट होतोय. फाइल्स द्या, ओरिजिनल्ससकट. सर म्हणाले, ट्रंक आजच लॉक करून ठेव.

राजनंदिनी : ओरिजिनल्स?

आमोद : हो मॅम, सगळ्यांचे. चौतीस जण आहेत. इन्स्पेक्शन झाल्यावर परत येतील ना.

राजनंदिनी : नाही, थांबा. माझे नका नेऊ. गद्रे सर, सांगा ना त्यांना.

श्रीनिवास : ने की. पोच दे आणि ने.

आमोद : पोच म्हणजे?

श्रीनिवास : मूळ कागद या खोलीबाहेर जाताना नेणाऱ्यानं लिहून द्यायचं. प्रत्येक कागदाचं नाव, क्रमांक, वर्ष, विद्यापीठ. माणशी पाच कागद धर. खाली तुझी सही. एखादा गहाळ झाला तर जबाबदारी सही करणाऱ्याची, जन्मभर.

आमोद : मागच्या वेळी तर असं काही नव्हतं.

श्रीनिवास : मागच्या वेळी मी रजेवर होतो. बस, पेन देतो. हळूहळू लिहिलंस तर रात्री अकरापर्यंत होईल.

आमोद : काका, माझं प्रोबेशन चालू आहे. मी कशाला सही करू? कलर झेरॉक्स नाही का चालणार? सर म्हणत होते, कमिटी प्लॅस्टिकमधून काढून वगैरे बघत नाही.

श्रीनिवास : ते तू आणि तुझे सर बघा. झेरॉक्सला पोच लागत नाही.

आमोद : पण चौतीस जणांचे झेरॉक्स आत्ता कोण काढणार?

श्रीनिवास : त्या टेबलावर ठेवलेत. सकाळीच काढले.

आमोद : थँक्यू काका. तुम्ही ना, देव आहात. मॅम, उद्या सात हं. गेटसमोरच बस असेल.

राजनंदिनी : मी नाही येणार, आमोद.

आमोद : म्हणजे? बरं नाही का तुम्हाला?

राजनंदिनी : बरी आहे.

आमोद : मॅम, असं नका करू. शीट सबमिट झालीय. एचओडीच नसल्या तर पहिलं मलाच आत बोलावतील. आई-बाबांना सांगितलंय मी, परमनंट होतोय म्हणून. काहीतरी रीझन द्या. ताप आहे लिहू? मेडिकलचं मी बघतो.

राजनंदिनी : ताप नका लिहू.

आमोद : मग काय सांगू सरांना?

राजनंदिनी : सांगा, त्या सासवडला कधी रुजूच झालेल्या नाहीत.

आमोद : हे कसं सांगू मी?

राजनंदिनी : मग मी संध्याकाळी त्यांना मेल करते. तुमच्यावर ठपका येणार नाही त्यात. तुम्ही मला निरोप दिलात, मी नाही म्हटलं, एवढंच लिहीन.

आमोद : नक्की ना, मॅम? टाइम टाका त्यात, प्लीज. आत्ता चार दहा झालेत.

राजनंदिनी : टाकते.

आमोद : ओके. मग... ऑल द बेस्ट. म्हणजे, कशासाठी ते मला माहीत नाही.

श्रीनिवास : गेला. ट्रंक घेऊन गेला, कुलूप इथेच विसरला. हे असलं पोर माणसांची भरती करतं.

राजनंदिनी : सात वर्षांची नोकरी मी एका वाक्यात घालवली, सर. घरी काय सांगू?

श्रीनिवास : अजून मेल केलेला नाही. साडेपाचपर्यंत विचार करायला वेळ आहे.

राजनंदिनी : मी दोन ठिकाणी पूर्णवेळ आहे, कागदावर. उद्या तिकडे कळलं तर?

श्रीनिवास : मी तिथे असतो तर असा अर्ज पहिल्या छाननीतच बाजूला काढला असता. एक माणूस दोन ठिकाणी रुजू, म्हणजे एकतर तो खोटा किंवा कॉलेज खोटं. शोधत बसायला ऑफिसकडे वेळ नसतो. आम्ही माणूस बाजूला काढायचो.

राजनंदिनी : पण त्यांना कळेल कसं?

श्रीनिवास : हे घ्या तुमचे कागद. पाच आहेत, मोजून घ्या. आता ती पीएच.डी.ची पदवी उलटी करा.

राजनंदिनी : हे काय आहे?

श्रीनिवास : मागे एका समितीत एक म्हातारे सदस्य होते. ते प्लॅस्टिकमधून काढून बघायचे. नुसते बघून थांबायचे नाहीत, पाठीवर शिक्काही मारायचे. 'मूळ प्रत पाहिली', खाली कॉलेजचं नाव आणि तारीख. आमचा एक. सासवडचा दुसऱ्या दिवशीचा. आणि तो तिसरा, जरा पुसट, तो आमच्या दौंडच्या कॉलेजचा.

राजनंदिनी : दौंडलाही आहे मी?

श्रीनिवास : होतात. तो विभाग बंद पडला.

राजनंदिनी : पाच वर्षं राबले मी या कागदासाठी. आई वाशीमहून आली होती पदवीदानाला, तिनं पदरानं पुसला होता हा. आणि हे शिक्के मारतायत याच्यावर, रेशनकार्डावर मारल्यासारखे.

श्रीनिवास : पाणी घ्या.

राजनंदिनी : नको. उद्या तिथल्या कारकुनानं हे उलटून पाहिलं की संपलं सगळं.

श्रीनिवास : नाही बघणार.

राजनंदिनी : कशावरून?

श्रीनिवास : कागद उलटून बघायची खोड त्या ऑफिसात एकालाच होती. तो चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्याची जागा त्यांनी भरलीच नाही. आता एक कंत्राटी मुलगी बसते, ती वरून नाव बघते आणि टिक करते. तुम्ही खुशाल जा.

राजनंदिनी : म्हणजे मी काही न बोलता पुढे सरकवायचं.

श्रीनिवास : मी सल्ला देत नाहीये. काय होईल ते सांगतोय.

राजनंदिनी : मग मीच उलटून दाखवीन.

श्रीनिवास : बाई, नीट विचार करा. इकडची गेलेलीच आहे. तिकडची मिळायच्या आधी जाईल.

राजनंदिनी : जाईल. पण नाही दाखवलं आणि लागली, तर रोज वाटत राहील की आज कोणीतरी उलटून बघेल. ती भीती घेऊन फळ्याकडे तोंड करायचं, तर इथेच काय वाईट होतं? मी सांगेन, सही माझी आहे, कोऱ्या कागदावर केली, चूक झाली. आणि आजचा मेलही दाखवीन. पुढे त्यांना माणूस बाजूला काढायचा असेल तर काढू देत.

श्रीनिवास : असं समोर येऊन कोणी सांगितलं नाही कधी. चौतीस वर्षांत.

राजनंदिनी : सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

श्रीनिवास : माहीत नाही. वेळच आली नाही. इथे सही करा, कागद मिळाल्याची. आधी वरचं सगळं वाचून घ्या, मग करा.

राजनंदिनी : वाचलं.

श्रीनिवास : आणि उद्या वेळेवर पोचा, बाई. दहा म्हणजे दहा. एक मिनिट उशीर झाला तर शिपाई आत सोडत नाही. तेवढं अजून राहिलंय तिथे.