ताडेकची कबर

नको सानिका, एवढ्यात फोन लावू नकोस. ऑपरेशनला अकराला नेणार ना त्यांना? मग आहे वेळ. बस. माझा मुलगा पियूष तिकडं रिंगास्किडीच्या कारखान्यात कामावर अडकला म्हणून तुला वरच्या खोलीतून बोलावलं — तुझाही क्लास असेल — पण यानिनाबाईंशी बोलायचं तर मध्ये इंग्रजीवालं कुणीतरी पाहिजे. शेजारच्या गं, त्या पोलंडच्या म्हाताऱ्या. पोलंडच्या कसल्या, आमच्या वळिवड्याच्या! हसू नकोस. लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ हजारो पोलिश माणसं राहायला आली होती. बायका, पोरं. आख्खं गाव वसवलं त्यांनी — शाळा, चर्च, बेकरी, नाटकंसुद्धा करायचे. राहायला बराकीच, पण दारोदारी फुलं लावलेली. माझा बाप तिथं दूध घालायचा. म्हणायचा, घरदार गेलेली माणसं, पण सकाळी उठून आधी झाडांना पाणी. मी? मी कुठला बघतोय, ते गेले तेव्हा वर्षाचा होतो. सगळं बापाकडून ऐकलेलं — तेच तर सांगतोय तुला.

गेल्या साली इथं परदेशात कुणाला बाहेर पडू देत नव्हते, तेव्हा कुंपणापलीकडून बाईंनी कोल्हापूरचं नाव ऐकलं आणि उभ्याच राहिल्या. धाकटा भाऊ तिथंच तापानं गेला त्यांचा. ताडेक. चार वर्षांचा. त्यांच्यात नोव्हेंबरात कबरींवर दिवे लावतात. त्याला कोण लावतं, म्हणाल्या. मी पियूषकरवी म्हणालो, मी लावतो. दर दिवाळीला एक पणती. कशाला बोललो? बाई रडायच्या थांबल्या ना, म्हणून. मग दर आठवड्याला विचारायच्या आणि मी एकेक वाढवत गेलो — दगड पांढरा आहे, शेजारी चाफा आहे. पन्नास वर्षं कामावर जाता-येता त्या कबरस्तानाच्या फाटकावरून सायकल मारली गं मी. आत एकदाही नाही. आई म्हणायची, परक्यांच्या मढ्यांत पाय घालू नये.

असं बघू नकोस. एवढंच असतं तर गप्प राहून मेलो असतो. पण काल त्यांच्या मुलीनं, बोझेनानं, निरोप दिलाय — काही बरंवाईट झालं तर आईची राख त्या चाफ्याजवळ ठेवायची, जागा बाळासाहेब दाखवतील, म्हणजे मी. कोल्हापुरात मोरेश्वरला, पुतण्याला माझ्या, आज पहाटेच पाठवलं बघायला. तिकडंही लॉकडाऊन. फाटकाला कुलूप.

वाजला? त्यांचाच? उचल, उचल. दिसतायत का? — नमस्कार, बाई. नमस्कार. काय विचारतात? चाफा कुठं, ताडेकच्या डोक्याशी की पायाशी?

सांग त्यांना. बाळासाहेब कधी गेलाच नाही म्हणावं. चाफा नाही, पणती नाही. हळू सांग, पण सगळं सांग.

सांगितलंस? काय म्हणाल्या?

अजून इकडंच बघतायत?

रडत नाहीत. फोनही ठेवत नाहीत. राहू दे मग, तू नको बोलूस. इकडे दे माझ्याकडे, आणि जा पोरी. दार लोटून घे.