सुखदेवभाऊ आणि चावडीचा कागद

जमलेल्या सगळ्यांना जयभीम, नमस्कार.

भाऊंच्या शोकसभेत माईक हातात दिला खरा, पण काय बोलावं ते सुचत नाही. मी बांधकाम विभागातला इंजिनिअर. मोजमापं लिहायची सवय आहे, माणसाबद्दल बोलायची नाही. त्यात समोर भाऊंच्या पत्नी, निर्मलावहिनी बसल्यात. त्यांच्याकडे बघून अजूनच अवघड होतं.

सुखदेवभाऊ आपल्या आसेगावचे मिस्त्री. माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. जुनी शाळा पाडली तेव्हाची गोष्ट. जेसीबी लावला, दोन दिवसांत शाळा भुईसपाट. सगळा मलबा ठेकेदारांनी नाल्यात लोटला. पावसाळ्यात नाला तुंबला आणि पाणी याच वस्तीत घुसलं. भाऊंच्या चुलीपर्यंत आलं.

भाऊ माझ्याकडे आले. मी ठेकेदारांकडे बोट दाखवलं. ठेकेदार म्हणाले, मलबा हलवा एवढंच कागदावर होतं, कुठे हलवा ते नव्हतं. सरपंचताई म्हणाल्या, साहेबांच्या सहीपुढे आम्ही काय करणार? दुसरा कुणी असता तर आम्हाला शिव्या घालून घरी गेला असता. भाऊंनी आम्हा तिघांना एकाच दिवशी नाल्यावर बोलावलं. भर उन्हात. चिखलातून एक वीट काढली, धुतली, दुसरीवर वाजवून पाहिली आणि माझ्या हातात दिली.

"साहेब, हे वीट कायले मारली तुमी? हे तं अजून जित्ती हाय."

मला राग आला. खरं सांगतो, आला. जुन्या विटेची खात्री कोण देणार, असं मी म्हणालो. ते म्हणाले, तपासून घ्या, नापास झाल्या तर मी गप बसतो. तपासल्या. बऱ्याचशा पास झाल्या.

पुढे जुना दवाखाना पाडायचा होता. तेव्हा भाऊंनी आपला नियम काढला. ज्याची ज्याची कागदावर सही, त्यानं पहिली वीट आपल्या हातानं काढायची. मगच मजुरांनी हात लावायचा. सरपंचताईंनी पदर खोचून काढली. ठेकेदारांनी कुरकुरत काढली. मी बोट चेचून घेतलं. वस्तीतल्या बायांनी विटांचा चुना खरवडला. चांगल्या विटा भिंतीला गेल्या, फुटक्या जोत्याखाली. सागवानी चौकटी रंधा मारून परत बसल्या. आज तुमची लेकरं ज्या अंगणवाडीत बसतात, ती त्याच दवाखान्याच्या सामानातून उभी राहिली. नाल्यात एक टोपलंही गेलं नाही.

सोपं वाटतं ना? मग आधी काहून केलं नाही आपण? कारण आम्ही तिघं कधी एका जागी उभेच राहिलो नव्हतो. भाऊंनी उभं केलं.

आता जे सांगायला उठलो, ते सांगतो.

गेल्या आठवड्यात भाऊंना भेटायला गेलो. त्यांना उठवत नव्हतं. आपली जुनी चावडी पाडायची आहे, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी तेवढंच विचारलं. "साहेब, चावडीच्या कागदावर लिवलं ना?"

मी म्हणालो, लिहिलं भाऊ.

"मंग झालं," म्हणाले, आणि शांत झोपले.

मी लिहिलं नव्हतं. घाई होती. जुनाच मसुदा काढला, तारीख बदलली, सही केली. त्यात जेसीबी आहे आणि मलबा हलवणं आहे; हातानं विटा काढून परत वापरणं नाही. वहिनी, मी तुमच्या माणसाशी शेवटच्या भेटीत खोटं बोललो. मला त्याची लाज वाटते.

तो कागद मी आज सकाळी परत मागवला. पण माझ्या एकट्याच्या बदलण्यानं भागत नाही. सरपंचताईंचा ठराव लागेल. ठेकेदारांची तयारी लागेल. बायांचे हात लागतील. सगळे इथेच बसलेत, म्हणून सगळ्यांसमोर विचारतो आहे. आत्ता उत्तर देऊ नका.

आधी भाऊंसाठी दोन मिनिटं उभे राहू. आणि मी त्यांना जे खोटं सांगितलं, ते ज्यांना खरं करायचं असेल, त्यांनी नंतर घरी जाऊ नये. माझ्याबरोबर चावडीकडे चालावं.

उठा, उभे राहू या.