बापूंची शेळी अन् पंधरा ऑगस्टचं पान

मोबाइलवर अल्बमचं पान सजवणं म्हणजे डोक्याला ताप हाय, सांगते तुम्हाला.

पंधरा ऑगस्टसाठी मी पेडगावातल्या आमच्या फौजींचं पान करायले होते. माझे चुलत सासरे, बापू, फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी पाठवलेल्या फोटोत त्यांचा हात शेळीच्या गळ्यात! धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, तिरंग्याच्या पानावर शेळी कशाला? काढून टाका."

मागचं पुसायचं बटण दाबलं, तर ॲपनं बापूच पुसले अन् शेळी ठेवली. परत दाबलं, परत शेळीच! शेवटी बोटानं घासून घासून शेळी खोडली. बापूंचा हात हवेत लोंबायला लागला, म्हणून त्यात झेंडा बसवला अन् पान घरच्या ग्रुपवर टाकलं.

लगेच बापूंचा फोन. "सूनबाई, शेळी कुठाय?"

"काढली बापू. हातात झेंडा दिलाय की."

"अगं, झेंड्यासंगं माझे लय फोटो हायेत. ती बिचारी मागच्या आठवड्यात मेली. तिचा तेवढाच फोटो व्हता. तू चांगला सजवशील म्हणून पाठवला."

मी शेळी परत बसवली. दीर पुन्हा विचारायला आला, "वहिनी, शेळी काढली नव्हती का?"

मी मोबाइलच त्याच्या हातात दिला. "घे. बापूंना तूच सांग."