भाभींच्या भाजीतलं मीठ

चांगली खानावळ कशी ओळखायची, असं विचारता ना, मग ऐका. माझी सायली नोकरीसाठी नगरला राहायला गेली. बाहेरचं खाऊन आठवड्यात तिचं पोट बिघडलं. फोनवर रडवेला आवाज. "आई, मी परत येते, नको ती नोकरी."

मी श्रीगोंद्याहून एसटी धरली आणि तिला घेऊन तिथली खानावळींची सगळी गल्ली पालथी घातली. पंजाबी, मारवाडी, मुसलमानी, हवं ते जेवण तिथं मिळतं. माझी परीक्षा एकच, मालक स्वतः तिथलं जेवतो का? पहिल्या ठिकाणी मालक घरचा डबा उघडून बसले होते. दुसरीकडेही तेच. तिसरी खानावळ शमीमभाभींची. त्या वांग्याची भाजी ढवळत होत्या.

"भाभी, तुम्ही जेवलात का?"

"न्हाई ताई, रोजा हाय माझा."

झालं! आता परीक्षा घ्यायची कशी? "मग मीठ कसं कळतं तुम्हाला?"

"शेजारच्या काकू चाखून सांगत्यात. आजपास्नं त्या आठवडाभर लेकीकडं गेल्यात." त्यांनी वाटीत भाजी घालून माझ्यापुढे धरली. "बरं झालं आलात. तुमी सांगा."

भाजी छान होती. तरी भीतभीत म्हणाले, "मीठ जरा कमी आहे."

वाटलं, रागावतील. त्यांनी मिठाचा डबाच माझ्या हातात दिला. "टाका मग तुमच्या हातानं."

मी मीठ टाकून ढवळलं. सायली दोन भाकरी जेवली.

"आन् उद्या मीठ कोन बघनार?" भाभींनी हसत विचारलं.

सायली बोटं चाटत म्हणाली, "मी येते की."