कर्नलच्या आईचं आडनाव

— बसा ना, अहो, बाकावर कोणाचं नाव नाही, पहिल्या दोन रांगा तेवढ्या पाहुण्यांच्या. पुस्तिका मिळाली वाटतं — आणि पान बाराच उघडलंय, कर्नलच्या आईचं, वा! म्हणजे वाचतंय कोणीतरी. नाहीतर खडकीतला हा पडका बंगला, त्यात दीडशे वर्षांपूर्वी राहिलेला कर्नल विल्मट — कोणाला काय पडलंय? आमच्या ह्यांच्या कंपनीला पडलंय. हिंजवडीला परदेशी साहेब आलेत ना, त्यांच्यासाठी हा 'बहुसांस्कृतिक वारसा' सोहळा. बाप आयरिश, आजी आर्मेनियन, आई आपली मराठी — एका माणसात तीन मुलुख! आमच्या घरात दोन माणसांचं एकमत होत नाही.

ती स्टेजच्या पायरीशी हिरव्या नऊवारीत आहे ना, तीच कर्नलची आई. म्हणजे माझी अपूर्वा. सहा वर्षांची. पदर सांभाळ म्हणून चारदा सांगून आले — मी काळजी जरा जास्तच करते, असं सासूबाई म्हणतात. बरोबरच म्हणतात.

कोणी लिहिलंय? छापलंय आमच्या कॉलेजातल्या दिगंबर सरांचं नाव, पण त्यांना मोतीबिंदू — लिहिलं मीच. इतिहासात एम.ए. आणि घरी बसलेली, दुसरं काय करणार? खरं सांगू का, जुन्या कागदात आईचं नुसतं 'राधा' होतं. ना बापाचं नाव, ना गावाचं. आता निवेदक बाईमाणसाला स्टेजवर बोलावणार, ते काय नुसतं 'राधा' म्हणून? कसंतरीच वाटतं, मागे घरच नसल्यासारखं. म्हणून आडनाव मी जोडलं. नदीपलीकडे एक जुनी कमान आहे, तिच्यावरचं. हंबीरकर. भारदस्त वाटलं. लग्नाशिवाय गोऱ्याच्या घरी राहिली बिचारी, निदान आडनाव तरी —

तुम्ही हसत नाही आहात. माझे विनोद फसतातच म्हणा. पुरावा? अहो, पुरावा कुठला, सांगितलं ना, जोडलं — फाटकाशी या मोटारसायकली आत्ता आल्या का? मघाशी दोन होत्या, आता दहा-बारा. हेल्मेट एकालाही नाही, म्हणजे पुण्याचेच. पण आत कोणी येत नाही. सगळे इकडेच बघतायत — तुमच्याकडे. आणि नंबरप्लेटवर नंबर एवढासा, नाव केवढं — हं... बी... आणि त्या दुसऱ्या गाडीवरही तेच.

तुम्ही त्यांच्यातलेच का? अहो, नुसती मान हलवू नका, बोला काहीतरी. मी आत्ता जाते, निवेदकाला सांगते ते नाव वाचू नका म्हणून — माफी मागते, माइकवर मागते — बसू? कशाला बसू? हात वर का केलात? कोणाला खूण केलीत?

पुकारलं. पुकारलं हो ते नाव निवेदकाने. अपूर्वा! चढू नकोस! इकडे ये, आईकडे — अहो, तिकडे नका बघू. लिहिलं मी. सरांनी नाही, तिने नाही, मी. माझ्याकडे बघा ना —