सोमवारी ठरलेली गाडी

अगं, आमची गाडी कशी ठरली ते सांगते. श्रावणी सोमवारी उपास सोडेपर्यंत माझं मौन असतं, हे ठाऊक असूनही ह्यांनी टेस्ट ड्राइव्ह नेमकी सोमवारीच ठेवली. ह्यांच्या मनात उंच, जीपसारखी गाडी. तिच्यात चढताना सासूबाई गुडघा धरून पायरीवरच बसल्या. मग खोपोलीच्या शोरूमचा मुलगा छोटी हायब्रीड घेऊन दारात आला. भारीतली गाडी, पण बॅटरीवर निघाली तर आवाजच नाही.

सासूबाई खूश. "बसले गं पटकन! आन् ही पन तुझ्यावानी, सोमवारची गप!"

फेरी मारून आल्यावर हे म्हणाले, "लहान वाटते. उंचच घेऊ."

मी मान हलवली, हात हलवले, हे बघेचनात. तशी देवघरातून कुंकवाचा करंडा आणला आणि बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं.

"वहिनी, डेमोची गाडी हाय ती!" मुलगा ओरडला.

ह्यांनी कपाळाला हात लावला. "संपलं! कुंकू लागलेली गाडी आई दारातून परत जाऊ देईल होय? हीच बुक कर."

संध्याकाळी पानावर बसल्यावर मला म्हणतात, "तोंडानं सांगितलं असतंस, तर मी वाद तरी घातला असता!"