जीव पूजेला ठेवला

(आमोणे गाव. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारचे दोन. गौरवी कॉम्प्युटरसमोर, फोन स्पीकरवर. पलीकडे म्हापशाच्या दुकानातून श्रीनाथ, तिच्या नवऱ्याचा, अक्षयचा, वर्गमित्र. दारात सासूबाई, सरस्वती.)

गौरवी : चौथ्यांदा तेच, श्रीनाथभाऊ. काळा पडदा आणि एक पांढरी ओळ. चालू करायला काही सापडत नाही म्हणतो.

श्रीनाथ : सेटिंगमध्ये डिस्कचं नाव दिसतं?

गौरवी : दिसतं. दोन्ही डिस्क दिसतात.

श्रीनाथ : मग घाबरू नका, तुमचं काम आत शाबूत आहे. वहिनी, मशीनच्या मागे हात घाला. लाल टेपवाला पेनड्राइव्ह आहे ना जागेवर?

गौरवी : मागे... नाही. नाहीच आहे.

श्रीनाथ : खाली पडलाय का बघा. त्याच्याशिवाय तुमचं मशीन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

गौरवी : खाली काही नाही. कालच सगळं झाडून पुसलं. आई, लाल टेप लावलेलं काही दिसलं तुम्हाला?

सरस्वती : तो मीच काढलंय.

गौरवी : कुठे ठेवलात?

सरस्वती : पूजेक. काल हत्यारां पूजलंव ना, त्यात.

गौरवी : आई, कोयता पूजतात, खोरं पूजतात. पेनड्राइव्ह कोण पूजतं?

सरस्वती : तुझा मशीन उचलून देवाकडे नेवक माका जमाचा नाय. आणि तूच सांगलंस मा, ह्याचो सगळो जीव त्या इवल्याशा तुकड्यात आसा म्हणान. मगे जीवच ठेवलंय देवासमोर. कुंकू लायलंय, फूल व्हायलंय.

गौरवी : बरं. आता कुठे आहे तो?

सरस्वती : केळीच्या पानार होतो.

गौरवी : आणि पान?

सरस्वती : सकाळी निर्माल्य न्हयत सोडलंय. फुलांच्या खाली गेलो आसतलो गो. माझ्या ध्यानातच येवक नाय.

श्रीनाथ : मांडवीत?

सरस्वती : दुसरी खयची न्हय आसा आमच्याकडे? ओहोटी होती. आता जुव्याच्या बेटापलीकडे गेलो आसतलो.

गौरवी : पाच वाजता फिल्म पाठवायची आहे, आई. तुम्हाला माहीत होतं.

सरस्वती : माहीत होता म्हणानच पूजलंय.

श्रीनाथ : वहिनी, डिस्क काढून कोणाच्या खऱ्या मॅकला लावली तर?

गौरवी : आमोण्यात मॅक कोणाकडे असणार? तुम्ही येता का?

श्रीनाथ : आज शुक्रवार, म्हापशाचा आठवड्याचा बाजार. गर्दीतून माझी स्कूटरसुद्धा बाहेर निघायची नाही, आणि निघाली तरी पोचेपर्यंत पाच. उद्या पाठवली तर चालणार नाही का?

गौरवी : नाही चालणार. ह्या एका फिल्मवर पुण्याची माणसं ठरवणार आहेत, मला घरून एडिटिंगचं काम द्यायचं की नाही. नाही दिलं तर पुढच्या महिन्यात अक्षय आणि मी वास्कोला खोली बघणार. त्याची खनिज वाहणारी बार्ज बंद पडून वर्ष झालं, तिकडे बंदरात काम मिळतंय. आई वास्कोला यायच्या नाहीत. इथे एकट्या राहतील, ह्या गुडघ्यांनी.

श्रीनाथ : ठीक. अक्षयचा लॅपटॉप आहे? एक रिकामा पेनड्राइव्ह शोधा. तुमच्या मशीनची जुनी फाईल माझ्याकडे आहे, ती पाठवतो.

गौरवी : जुनी म्हणजे?

श्रीनाथ : बांधलं तेव्हाची. मॅकची सिस्टीम फक्त त्याच कंपनीच्या मशीनवर चालते, वहिनी. आपलं मशीन सुटे भाग आणून जोडलेलं. ही फाईल सिस्टीमला पटवून देते की हे तुझंच घर. पण चतुर्थीला आपण ग्राफिक्स कार्ड बदललं, आणि नवी फाईल मी फक्त पेनड्राइव्हवर ठेवली. ही माझी चूक, आईंची नव्हे.

सरस्वती : तू माका सांभाळून घेव नको रे बाबा. तिचा काम कर.

गौरवी : टाकली फाईल. चालू करते.

श्रीनाथ : काय दिसतं?

गौरवी : अक्षरं धावतायत. खूप. आता थांबली.

श्रीनाथ : शेवटची ओळ वाचा.

गौरवी : वाचायला काही नाही. पडदाच काळा झाला.

श्रीनाथ : कार्ड. ते अडवतंय. थांबा, एक ओळ बदलून परत पाठवतो.

गौरवी : तीन वाजून गेले.

श्रीनाथ : पाठवली. बघा.

गौरवी : चिन्ह आलं. खालची पट्टी भरतेय... अर्ध्यावर अडकली. परत पहिल्यापासून चालू झालं. श्रीनाथभाऊ, मला आता बटण पण दिसत नाही.

सरस्वती : पाणी पी गो.

गौरवी : नको मला पाणी. तुम्ही जरा तिकडे जाऊन बसा. प्लीज.

सरस्वती : जातंय.

श्रीनाथ : वहिनी, ऐका. शेवटचा उपाय. वायर काढा, झाकण उघडा, ते मोठं कार्ड सरळ उपटा. बाजूला चिमटी आहे, ती दाबून. मग पडद्याची केबल बोर्डाच्या तोंडात लावा. कार्डाविना चालणारी फाईल पाठवतो.

गौरवी : चिमटी हलत नाही. आई, टॉर्च धराल का?

सरस्वती : धरतंय. हय?

गौरवी : थोडं खाली. हां. आलं बाहेर.

श्रीनाथ : लावा वायर.

गौरवी : अक्षरं... चिन्ह... पट्टी. अर्ध्याच्या पुढे गेली. पासवर्ड मागतोय! श्रीनाथभाऊ, उघडलं. फिल्म आहे. सगळी आहे.

श्रीनाथ : किती वाजले?

गौरवी : चार वीस. फिल्मची फाईल काढायला लावली. काल बघितलं तेव्हा वीस मिनिटं म्हणत होता. आता... दोन तास चाळीस मिनिटं दाखवतोय.

श्रीनाथ : कार्ड नाही ना. सगळा भार एकट्या प्रोसेसरवर.

गौरवी : म्हणजे सात.

श्रीनाथ : त्यांना मेल टाका. लाईट गेली म्हणा. गोव्यात लाईट गेली म्हटल्यावर कोण खोटं म्हणणार आहे?

सरस्वती : लाईट कित्याक? खरा सांग. सासवेन पेनड्राइव्ह न्हयत सोडलो म्हणान सांग. माका फोन लावून दी, मीच सांगतंय.

गौरवी : तसं सांगता येत नाही, आई.

सरस्वती : कित्याक येना नाय? माझी लाज माका नाय आणि तुका?

गौरवी : पेनड्राइव्ह गेला म्हटल्यावर ते विचारणार, मॅकला पेनड्राइव्ह कशाला लागतो. त्यांची अट होती, खरा मॅकच हवा. मुलाखतीत विचारलं, तुमच्याकडे मॅक आहे का. मी हो म्हटलं.

श्रीनाथ : म्हणून म्हणतो, लाईट.

गौरवी : आणि काम मिळालं तर? उद्या परत काही बंद पडेल. दर वेळी लाईट घालवू?

श्रीनाथ : खरं लिहिलंत तर आजच नाही म्हणतील, वहिनी. मी अशी माणसं बघितलीत.

गौरवी : म्हणतील. माहीत आहे मला. रडायला येतंय, पण म्हणतील तर म्हणोत. लिहिते. फिल्म सात वाजता पाठवते, बघायची तर बघा. मशीन जोडलेलं आहे, मॅक नाही.

सरस्वती : आणि चूक सासवेची म्हणान. माझा नाव पयला घाल.

गौरवी : तुमचं दुसरं, आई. पहिलं माझं.

सरस्वती : बरा. लिही. मी हयच बसतंय.